मनातला नकाशा का पुसट होतो?

(सामुदायिक रेडिओवर महिला गटांसाठी झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

आपल्या प्रत्येक गटात एखादी तरी बाई अशी असते. हिशेबाला पक्की. कुणाचा हप्ता कधी आला, कुणाचा राहिला, सगळं तिला तोंडपाठ. मग तिच्या घरात काही तरी घडतं. नवरा जातो. किंवा कर्जाचा तगादा सुरू होतो. किंवा पोराचं दुखणं निघतं आणि दवाखान्याच्या खेपा संपतच नाहीत. हळूहळू तिचं बैठकीला येणं बंद होतं. वर्षभरानं ती पुन्हा दिसते तेव्हा वेगळीच दिसते. विळा कुठं ठेवला ते तिला आठवत नाही. समोर उभी असते आणि दूध उतू जातं. रोजच्या दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, रोजच्या उंबऱ्याला ठेच लागते. तालुक्याच्या स्टँडवर उतरली की बँक कुठल्या हाताला ते क्षणभर उमगत नाही. फॉर्मवर नावाच्या रकान्यात गाव लिहिलं जातं.

घरचे म्हणतात, वेंधळी झाली. सासू म्हणते, हिचं डोकं ठिकाणावर नाही. शेजारीण हळूच म्हणते, बाहेरचं काही लागलंय का बघा. आणि ती बाई स्वतः रात्री पडल्या पडल्या विचार करते, मला येड लागतंय का?

मैत्रिणींनो, आज आम्ही याच बाईबद्दल बोलणार आहोत. तिच्या डोक्यात काय होतं ते शास्त्रज्ञांनी बरंचसं मोजून पाहिलं आहे. ते का होतं, बरं होतं का, आणि गटानं त्यात काय करायचं, एवढंच आज सांगायचं आहे.

काळोखात काडेपेटी कशी सापडते?

आधी एक साधी गोष्ट बघू. रात्री लाईट जाते. घरात मिट्ट काळोख. तरी तुम्ही उठता, चार पावलं टाकता, पाण्याचा हंडा चुकवता, झोपलेल्या पोराच्या पायावर पाय पडू देत नाही, आणि कोनाड्यातली काडेपेटी बरोबर हाताला लागते. डोळ्यांना तर काही दिसत नसतं. मग हे दाखवतं कोण?

आपल्या डोक्यात घराचा नकाशा असतो. घराचा असतो, गोठ्याचा असतो, विहिरीच्या वाटेचा असतो, बाजाराचा असतो. तो कुणी शिकवलेला नसतो. राहता राहता, फिरता फिरता मेंदू तो काढत जातो.

हा नकाशा मेंदूत कुठं असतो, याचा शोध लागायला बरीच वर्षं गेली. १९७१ साली लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदरांच्या मेंदूत एक गंमत दिसली. उंदीर ठरावीक जागी आला की ठरावीक पेशी जागी व्हायची. या कोपऱ्यात आला की ही, त्या कोपऱ्यात गेला की ती. पुढं २००५ साली नॉर्वेमध्ये माय-ब्रिट मोसर या बाईंनी आणि एडवर्ड मोसर यांनी शेजारच्याच भागात आणखी काही पेशी शोधल्या. आपण रांगोळीला ठिपके काढतो ना, तशी सारख्या अंतरावर जागेची आखणी करणाऱ्या त्या पेशी होत्या. या तिघांना २०१४ साली नोबेल पुरस्कार मिळाला.

मेंदूच्या या नकाशावाल्या भागाला हिप्पोकॅम्पस म्हणतात. नाव अवघड आहे, पण अर्थ सोपा. त्याचा आकार घोडामाशासारखा दिसतो, म्हणून ते नाव. डोक्याच्या आत, दोन्ही कानांच्या बाजूला एकेक असतो. जागा ओळखणं, वाट लक्षात ठेवणं आणि नवी गोष्ट मनात साठवणं, ही त्याची मोठी कामं. म्हणून तो दमला की वाट आणि आठवण दोन्ही एकदम डळमळतात.

हा भाग वापरानं बदलतो, हेही दिसून आलं आहे. लंडनमध्ये टॅक्सी चालवायचा परवाना हवा तर शहरातले हजारो रस्ते पाठ करावे लागतात. २००० साली तिथल्या टॅक्सीवाल्यांचे मेंदू तपासले, तेव्हा हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला. जितकी जास्त वर्षं टॅक्सी चालवली, तितका तो भाग जास्त मोठा. म्हणजे मेंदू दगडासारखा नाही, मातीसारखा आहे. कसली तर सुधारते, पडीक टाकली तर कडक होते.

लक्ष म्हणजे बॅटरीचा झोत

नकाशा असून भागत नाही. त्यातल्या कुठल्या जागेकडं आत्ता बघायचं, हे ठरवावं लागतं. त्याला आपण लक्ष म्हणतो. रात्री पिकाला पाणी द्यायला जाताना हातात बॅटरी असते. झोत कधी पायाखाली, कधी पाटाकडं, कधी बांधाकडं. लक्षही तसंच फिरतं. चुलीपुढं बसलेली बाई तव्याकडं बघत असते, पण रांगतं पोर जाळाकडं निघालं की तिचा हात आपोआप आडवा जातो. झोत तव्यावर असला तरी कडेचा उजेड पोरावर असतो.

भीती वाटली की हा झोत आखडतो. वाटेत साप दिसला तर फक्त सापच दिसतो. शेजारचा दगड, मागचा खड्डा, हातातली घागर, काही दिसत नाही. हे चांगलंच आहे. त्यानं जीव वाचतो. त्या वेळी अंगात कॉर्टिसॉल नावाचा रस वाढतो, अंगाला बळ येतं, माणूस उडी मारतो. साप गेला की थोड्या वेळानं सगळं जागेवर येतं.

पण साप जातच नसेल तर? सावकाराचा फोन रोज येत असेल, संध्याकाळ झाली की नवरा पिऊन येईल ही धास्ती रोज असेल, कोर्टाची तारीख पाच वर्षं पुढं पुढं जात असेल, तर साप कायम डोक्यात बसलेला असतो. झोत कायम त्याच्यावर. मग दूध उतू जातं, कारण दुधाकडं वळवायला झोतच शिल्लक नसतो.

बैलाच्या मानेवरचं जू संध्याकाळी उतरतं म्हणून बैल दुसऱ्या दिवशी उभा राहतो. ते उतरलंच नाही तर खांदा सुजतो, मग जखम होते. मेंदूचंही तसंच होतं. न्यूयॉर्कमध्ये ब्रूस मॅकइवेन यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना काही आठवडे रोज ताण दिला, तेव्हा त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडलेल्या दिसल्या. झाडाची फांदी वाळते तशा. पुढचंही लक्षात ठेवा. ताण थांबवला तेव्हा त्या फांद्यांना पुन्हा धुमारे फुटले.

ऊस तुटायच्या आधी आणि नंतर

उंदरांचं राहू द्या, माणसांचं सांगा, असं तुम्ही म्हणाल. तर आपल्याच देशातलं सांगतो. तमिळनाडूतल्या ५४ गावांमधल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. उसाचा पैसा वर्षातून एकदाच हातात येतो, हे ऊसपट्ट्यातल्या बायांना सांगायला नको. ऊस तुटायच्या आधी घरात ओढाताण, दागिने गहाण, उधारी. ऊस गेला की चार पैसे हातात.

संशोधकांनी त्याच शेतकऱ्याला दोनदा गाठलं, ऊस जायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. दोन्ही वेळा कोडी घातली. एका प्रकारात आकृत्यांची रचना असायची, त्यातली मोकळी जागा कुठल्या आकृतीनं भरेल ते ओळखायचं. दुसरा प्रकार तुम्ही आत्ताही करून बघा. कागदावर तीन वेळा पाचाचा आकडा काढा. ५ ५ ५. आता झटकन सांगा, कागदावर आकडे किती? उत्तर तीन. पण तोंडातून पाच निघतं. जीभ आवरायला लक्ष लागतं.

ऊस जायच्या आधी त्याच माणसाला ही कोडी नीट सुटत नव्हती. नंतर चांगली सुटली. माणूस तोच, शिक्षण तेच, गाव तेच. खाणं कमी पडलं किंवा अंगमेहनत जास्त झाली, यातून हा फरक येत नव्हता. पैशाच्या विवंचनेनं डोक्यातली जागा अडवून ठेवली होती, असं संशोधकांनी मांडलं.

मैत्रिणींनो, याचा व्यवहारातला अर्थ फार मोठा आहे. ज्या दिवसांत बाईला सगळ्यांत जास्त डोकं चालवायला लागतं, नेमक्या त्याच दिवसांत तिचं डोकं अडकलेलं असतं. कर्जाचे कागद, जमिनीच्या सह्या, मुलीच्या लग्नाचा होकार, हे सगळं तेव्हाच समोर येतं. आणि फसवणारी माणसं बरोबर तेव्हाच दारात येतात.

बर्फातली नऊ माणसं

आता दुसरी गोष्ट, एकटेपणाची. त्यासाठी आपल्याला फार लांब, पृथ्वीच्या दक्षिण टोकाला जावं लागेल. त्या खंडाला अंटार्क्टिका म्हणतात. तिथं जर्मनीचं नॉयमायर नावाचं संशोधन केंद्र आहे. तिथं नऊ जण, पाच पुरुष आणि चार बाया, चौदा महिने राहिले. हिवाळ्यात तिथं साधारण दोन महिने सूर्य उगवतच नाही. बाहेर जिकडं बघावं तिकडं पांढरं बर्फ. झाड नाही, बाजार नाही, पाहुणा नाही. रोज तेच चेहरे, तीच खोली, तोच रस्ता.

जाण्याआधी आणि आल्यावर त्यांच्या मेंदूचे फोटो काढले. २०१९ साली निकाल प्रसिद्ध झाला. हिप्पोकॅम्पसचा एक महत्त्वाचा भाग, जिथं नव्या आठवणी तयार व्हायला मदत होते, तो सरासरी सात टक्क्यांच्या आसपास आक्रसला होता. मेंदूच्या पेशींना खतासारखं पोसणारं एक द्रव्य रक्तात असतं. ते पहिल्या तीन महिन्यांतच कमी झालं होतं, आणि परत आल्यावर दीड महिना झाला तरी पूर्वीइतकं झालं नव्हतं. ज्यांचा तो भाग जास्त आक्रसला, त्यांना जागेचं भान लागणाऱ्या आणि नको ते बाजूला सारून लक्ष द्यायच्या चाचण्या जड गेल्या.

नऊच माणसं होती, त्यामुळं यावरून सगळ्या जगाचा निकाल लावता येत नाही. पण ती माणसं कोण होती ते बघा. शिकलेली, धट्टीकट्टी, स्वतःच्या मर्जीनं गेलेली. त्यांच्या मेंदूवर चौदा महिन्यांच्या एकसुरी आयुष्याचा असा परिणाम दिसला. मग ज्या बाईला घराबाहेर पडायला परवानगी नाही, तिचं काय होत असेल?

भारताचीही अंटार्क्टिकावर मैत्री आणि भारती अशी दोन केंद्रं आहेत. त्यांचा कारभार बघणारी संस्था आपल्या शेजारी, गोव्यात वास्को इथं आहे. इस्रोच्या मंगला मणी २०१६-१७ मध्ये भारती केंद्रावर ४०३ दिवस राहून आल्या. तेव्हा त्यांचं वय छप्पन्न होतं आणि २३ जणांच्या तुकडीत त्या एकट्याच बाई होत्या. तिथं जाणाऱ्यांची आधी शरीराची आणि मनाची तपासणी होते, बर्फात राहायचं शिक्षण दिलं जातं, सोबत डॉक्टर असतो, आणि परत यायची तारीख ठरलेली असते.

आपल्या गावातल्या एकट्या पडलेल्या बाईला यातलं काय मिळतं? आधी कुणी तयारी करून घेत नाही. सोबत कुणी नसतं. आणि तारीख तर नसतेच.

गावातला बर्फ

एकटं पडायला डोंगरात राहावं लागत नाही. भरल्या घरातही बाई एकटी असते. नवरा गेला म्हणून हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, ओटी भरायला पुढं येऊ देत नाहीत, लग्नघरात मागच्या खोलीत बसवतात. नवरा ऊसतोडीला गेला आणि म्हाताऱ्या सासऱ्याच्या अंथरुणापाशी सून सहा महिने अडकली. नवीन सून लांबच्या गावातून आली, बोली वेगळी, बाहेर जायचं नाही, फोन नवऱ्याच्या हातात. मूल होत नाही म्हणून बारशाला टाळतात. मारहाणीचे वळ दिसू नयेत म्हणून बाई स्वतःच दाराआड बसते.

या सगळ्यांत तीन गोष्टी सारख्या आहेत. नवी जागा नाही, नवा माणूस नाही, आणि डोक्यात कायमची धास्ती. नकाशा काढणाऱ्या मेंदूला नवं काही मिळतच नाही.

यातला बराचसा एकटेपणा निसर्गानं दिलेला नाही, आपण चालीरीतींनी दिलेला आहे. म्हणून तो आपल्याला काढताही येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घ्यायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. आपण याकडं मानाचा प्रश्न म्हणून बघतो, आणि तो आहेच. पण तो तब्येतीचाही प्रश्न आहे, हे ग्रामसभेत सांगा. बाईला चारचौघींत बसू देणं हे तिच्या मेंदूचं औषध आहे.

भरून येतं का?

येतं, बहुतेक वेळा येतं. अमेरिकेत डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांवर एक अभ्यास झाला, २००९ साली तो प्रसिद्ध झाला. मोठ्या परीक्षेच्या आधी महिनाभर ते ताणाखाली होते. तेव्हा एका गोष्टीवरून दुसरीकडं लक्ष वळवायला त्यांना जड जात होतं. परीक्षा झाली, महिनाभर आराम मिळाला, पुन्हा तपासलं, तर ते पूर्वीसारखे झाले होते. महिन्याचा ताण महिन्यात उतरला. वर्षांचा ताण उतरायला जास्त वेळ लागेल, पण वाट तीच आहे.

२०११ साली प्रसिद्ध झालेला आणखी एक अभ्यास १२० वयस्कर माणसांचा आहे. त्यांतल्या निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटं भरभर चालायला सांगितलं. वर्षानं त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा आकार सुमारे दोन टक्के वाढला होता. बाकीचे निम्मे अंग ताणायचे हलके व्यायाम करत होते, त्यांचा थोडा कमीच झाला.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर दिवसभर चालतोच. खरं आहे. पण डोक्यावर मोळी, मनात घाई आणि त्याच त्या वाटेनं खाली मान घालून जाणं, याला चालणं म्हणत नाहीत, त्याला ओझं वाहणं म्हणतात. आम्ही मोकळ्या हातानं, मैत्रिणीबरोबर, आजूबाजूला बघत चालायचं म्हणतोय.

ज्या बाईचं असं होतंय, तिनं काय करावं?

पहिलं, स्वतःला बोल लावणं थांबवा. तुमचं डोकं बिघडलेलं नाही, त्यावर ओझं आहे.

दुसरं, वस्तूंना कायमची जागा द्या. किल्ली एका खुंटीला, विळा एका खुंटीला, कागदपत्रं एका पिशवीत. ठेवताना तोंडानं म्हणा, "विळा खुंटीला लावला." स्वतःच्या आवाजानं झोत त्या जागेवर येतो.

तिसरं, जिवाचा धोका असलेली कामं एकेक करा. कडबा कुट्टीच्या मशीनवर, विहिरीच्या काठाला, चुलीवर उकळतं पाणी असताना, रस्ता ओलांडताना फोनवर बोलू नका. डोकं भरून आलं असेल त्या दिवशी मशीनचं काम दुसरीला सांगा. फवारणीचं औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीच ठेवू नका. आखडलेल्या झोतात बाटलीवरचा रंग दिसत नाही.

चौथं, झोप. दिवसभर पाहिलेलं मेंदू रात्री झोपेत लावून ठेवतो, जसं आपण रात्री भांडी लावून ठेवतो. झोप मोडली की सकाळी सगळं पसरलेलंच असतं.

पाचवं, हातांना आवडीचं काम द्या. ठिपक्यांची रांगोळी, गोधडीचे टाके, टोपली विणणं. यात डोळा, हात आणि जागेचं भान तिघांना एकत्र काम लागतं, आणि तेवढा वेळ साप डोक्यातून उतरतो.

गटानं काय करावं?

इथं तुमचं खरं काम सुरू होतं. बैठकीला तीन वेळा न आलेल्या बाईला दंड लावण्याआधी तिच्या घरी दोघीजणी जा. एकटीनं नको, दहाजणींनी नको. सासूशीही दोन शब्द बोला, म्हणजे दार उघडं राहतं. गेल्यावर "काय झालं गं तुला" असं विचारत बसू नका. निवडायला घेतलेले तांदूळ जवळ ओढा आणि निवडता निवडता बसा. ती बोलेल तेव्हा बोलेल.

पुढच्या बाजाराला तिला सोबत न्या. वाट तिला निवडू द्या. चुकली तर हसू नका, थांबा, तिला आठवू द्या. जाताना एका वाटेनं आणि येताना दुसऱ्या वाटेनं या. नकाशा असाच पुन्हा उमटतो.

बैठकीत तिला छोटं काम द्या. सतरंजी घालणं, हजेरी घेणं, चहाचे कप मोजणं. तिला रिकामी बसवून दया दाखवू नका. दयेनं माणूस आणखी एकटा पडतो.

आणि एक नियम आजच गटाच्या वहीत लिहून ठेवा. अडचणीत असलेल्या बाईनं कुठल्याही कागदावर त्याच दिवशी सही किंवा अंगठा करायचा नाही. कागद गटातल्या वाचता येणाऱ्या बाईनं दोनदा मोठ्यानं वाचायचा, एक रात्र मध्ये जाऊ द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी कुणी तरी सोबत जाऊन मग सही. कागद घेऊन आलेला माणूस घाई करत असेल तर समजा, घाईची गरज त्याला आहे, आपल्याला नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. घरात मारहाण होत असेल तर "चाल, रांगोळी काढ" हा उपाय नाही. साप घरात असताना उजेड वाढवून काय करायचं? आधी साप बाहेर काढायचा. त्यासाठी १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे, तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात. कर्जाचा फास असेल तर बँकेत हप्ते पुन्हा बांधून मिळतात का, हे विचारायला गटानं सोबत जावं.

दवाखान्यात कधी जायचं?

प्रत्येक विसराळूपणा ताणाचाच असतो असंही धरून चालू नका. अंगात रक्त कमी असेल, थायरॉइडचा त्रास असेल, बी-१२ कमी असेल, साखर वरखाली होत असेल, तरी असंच होतं. डोक्याला मार लागला असेल तरी होतं. आशाताईला सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.

आणि हे नीट ऐका. ताणाचं असतं ते हळूहळू येतं. पण अचानक, एका दिवसात, एका तासात काही झालं तर थांबू नका. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, किंवा जेवताना ताटातल्या एकाच बाजूचं खाल्लं आणि दुसऱ्या बाजूची भाकरी तशीच राहिली, जणू ती बाजू तिला दिसतच नाही, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. डोळे चांगले असून एका बाजूचं भानच जातं. अशा वेळी अंगारे-धुपारे करण्यात तास घालवू नका. १०८ ला फोन करा. तिथं प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण नाही, कशातच जीव रमत नाही, असं असेल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे १४४१६. फोन फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. आणि कुणी "आता जगून काय करू" असं म्हणाली, तर ते बोलणं थट्टेवारी नेऊ नका. तिला एकटी सोडू नका, फवारणीचं औषध कुलपात टाका, आणि लगेच फोन लावा.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीचं काम आम्ही तुम्हाला देतोय. हजेरीची वही उघडा आणि गेल्या वर्षभरात कोण येईनाशी झाली, त्यांची नावं वाचा. प्रत्येक नावापुढं दोघींची नावं लिहा आणि वार लिहा. बस, एवढंच. हप्त्याचा हिशेब आपण चोख ठेवतोच. माणसांचाही ठेवू या.

काही विचारायचं असेल तर आपल्या रेडिओ केंद्रावर चिठ्ठी पाठवा, नाव नाही लिहिलं तरी चालेल. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.